मी त्याला विचारलं नाही

मी सातवीत होते त्या वर्षीची गोष्ट. साल १९७४. आमच्या तालुक्याच्या गावाजवळच्या एका वाडीत बांधावरून भांडण झाले आणि रात्री एका माणसाचा कुऱ्हाडीने खून झाला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी शेजारच्या शेतकऱ्याला पकडले. तिसऱ्या दिवशी गावाचे मत ठरून गेले : मारणारा हाच. आणि पंधरा दिवसांनी त्याचे वकीलपत्र घेतले कोणी, तर आमच्या अण्णांनी.

मेलेल्या माणसाची थोरली मुलगी माझ्याच वर्गात होती. जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात खटला उभा राहिला तेव्हा तिची आई धाकट्याला कडेवर घेऊन एस.टी.ने तिथे जायची आणि कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली दिवसभर बसून राहायची. हे मला त्या मुलीनेच सांगितले. नंतर तिने बाक बदलला.

आरोपी निर्दोष सुटला. दुसऱ्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात उभा राहिला. आईने पुडा घेतला, ओट्यावर ठेवला आणि पुढे दोन दिवस तो कोणी सोडला नाही. रात्री अण्णा खटल्याचे कागद लाल फितीत बांधत होते. मी दारात उभी राहून विचारले, ''अण्णा, त्यानंच मारलं होतं ना?''

अण्णांनी गाठ पक्की केली आणि म्हणाले, ''मी त्याला विचारलं नाही.''

हे उत्तर मी तीस वर्षे वागवले. कित्येक महिने मी अण्णांच्या शेजारच्या पाटावर जेवायला बसत नसे. मोठी झाले, लग्न झाले, मुले झाली, पण 'वकिलाची मुलगी' अशी कोणी ओळख करून दिली की अजूनही ती चिंच डोळ्यांसमोर यायची. या उत्तराचा अर्थ मला कळायला लागला तो एका जुन्या अमेरिकन सिनेमामुळे, आणि तोही अण्णांच्या शेजारी बसून पाहिल्यामुळे.

२००५ च्या दिवाळीत धाकट्या भावाने सिनेमांच्या काही डीव्हीडी आणल्या होत्या. त्यांत एक होती 'ॲनॅटॉमी ऑफ अ मर्डर'. १९५९ चा कृष्णधवल चित्रपट, दोन तास चाळीस मिनिटांचा. दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर, नायक जेम्स स्टुअर्ट. अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. वकिली सोडून दहा वर्षे झाली होती. कोर्टाचा सिनेमा म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, ''लाव. किती खोटं दाखवतात ते तरी बघू.''

युद्धानंतर फ्रेंच समीक्षकांनी अमेरिकन गुन्हेपटांच्या एका घराण्याला 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. पावसाने चकचकणारे रस्ते, तिरक्या सावल्या, सिगारेटचा धूर आणि कोणावर विश्वास ठेवावा ते कळू न देणारी माणसे ही त्याची ओळख. प्रेमिंजरने स्वतः १९४४ साली 'लॉरा' हा या जातीचा गाजलेला सिनेमा केला होता. 'ॲनॅटॉमी'ला कोणी त्या घराण्यात बसवतात, कोणी उंबऱ्यावर ठेवतात. कारण इथे सारे काही लख्ख उजेडात घडते. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, सुपीरिअर सरोवराच्या काठावरचे जंगलाचे आणि लोखंडाच्या खाणींचे गाव. मासे पकडणारे, गप्पा मारणारे साधे लोक. अंधार रस्त्यावर नाही; तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसांच्या पोटात आहे.

गोष्ट अशी. पॉल बीगलर हा दहा वर्षे सरकारी वकील होता. निवडणुकीत हरला आणि आता मासेमारी आणि जॅझ पियानो यांत दिवस काढतो आहे. सेक्रेटरीचा पगारही थकलेला. अशात त्याच्याकडे एक खटला येतो. लष्करातल्या लेफ्टनंट मॅनिअनने बार्नी क्विल नावाच्या हॉटेलमालकाला त्याच्याच बारमध्ये, लोकांदेखत गोळ्या घातल्या आहेत. मॅनिअनची बायको लॉरा सांगते की क्विलने तिच्यावर बलात्कार केला आणि तिला मारहाण केली. गोळी कोणी घातली याबद्दल शंका नाहीच. मग वकिलाने बचाव कसला करायचा?

इथे तो प्रसंग येतो ज्यासाठी हा सिनेमा वकिलांच्या जगात आजही प्रसिद्ध आहे. तुरुंगात बीगलर अशिलाला कायदा समजावून सांगतो. खुनाच्या आरोपातून सुटायचे चार रस्ते. एक, तो खून नव्हताच. आत्महत्या होती किंवा अपघात. दोन, खून तुम्ही केला नाही. तीन, कायद्याने तुम्हांला तसे करायचा अधिकार होता, जसे स्वसंरक्षण. चार, कृत्य झाले, पण ते क्षम्य ठरावे असे काही कारण होते. मॅनिअनला वाटत असते की बायकोच्या अब्रूसाठी मारणाऱ्याला एक 'अलिखित कायदा' सोडवतो. बीगलर त्याला सांगतो, असा कायदा कुठेच नाही. पहिले तीन रस्ते बंद आहेत. उरतो चौथा. आणि मग वकील गप्प बसतो. अशील विचार करतो, चाचपडतो आणि शेवटी म्हणतो की त्या वेळी मला वेडच लागले असणार. बीगलर उठतो आणि जाताना एवढेच सांगतो की किती वेड लागले होते ते आठवून ठेवा.

मी अण्णांकडे पाहिले. मला वाटले, आता चिडतील. ते म्हणाले, ''फार बोलतो हा. आम्ही याच्या निम्मंही बोलत नव्हतो.''

''म्हणजे तुम्हीही असंच शिकवत होता?''

''कायदा सांगायचो. खोटं बोल असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. पण कुठं थांबायचं ते कळलं पाहिजे.'' आणि थोड्या वेळाने, ''हे लिहिणारा वकीलच असणार.''

अण्णांचा अंदाज बरोबर होता. मूळ कादंबरी १९५८ साली रॉबर्ट ट्रॅव्हर या नावाने प्रसिद्ध झाली. ते टोपणनाव होते. लेखक जॉन व्होल्कर, कादंबरी निघाली तेव्हा मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. त्याआधी अनेक वर्षे त्यांनी मार्केट परगण्यात सरकारी वकिली केली होती आणि नंतर ते बचावाच्या बाजूला आले. १९५२ च्या जुलैअखेरीस बिग बे या खेड्यातल्या लंबरजॅक टॅव्हर्नमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याने बारच्या मालकाला गोळ्या घालून मारले. त्याचा बचाव व्होल्करांनी केला आणि वेडाच्या कारणावरून तो निर्दोष सुटला. कादंबरीचे बीज ते. पुढे १९६० मध्ये त्यांनी न्यायमूर्तिपद सोडले आणि लिहिणे व ट्राउट मासे पकडणे यांत उरलेले आयुष्य काढले.

प्रेमिंजरही कायद्याच्या घरातला. वडील ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात सरकारी वकील. त्याने स्वतः व्हिएन्नाला कायद्याची पदवी घेतलेली. त्यामुळेच असेल, त्याने स्टुडिओत खोटे कोर्ट उभारले नाही. मार्केटच्या खऱ्या न्यायालयात, बिग बे आणि इश्पेमिंग या खऱ्या गावांत चित्रीकरण केले. न्यायाधीशाच्या भूमिकेसाठी नटाऐवजी जोसेफ वेल्च हा खराखुरा वकील घेतला. हा तोच वेल्च, ज्याने १९५४ साली लष्कराच्या बाजूने उभे राहून सिनेटर मॅकार्थीला साऱ्या देशाच्या टीव्हीसमोर, तुमच्यात काही सभ्यता उरली आहे की नाही, असे सुनावले होते. संगीत ड्यूक एलिंग्टनचे. तो स्वतः एका प्रसंगात स्टुअर्टच्या शेजारी पियानोवर बसतो. स्त्रीच्या फाटलेल्या अंतर्वस्त्राचा उल्लेख येतो तेव्हा कोर्टात हशा पिकतो. न्यायाधीश तो हशा होऊ देतात आणि मग शांतपणे बजावतात की हा शब्द पुन्हा आला तर कोणी हसायचे नाही. एक माणूस मेला आहे आणि एकाचे आयुष्य टांगणीला लागले आहे. १९५९ च्या अमेरिकेत असे शब्द पडद्यावर उच्चारणे हेच धाडस होते. शिकागोच्या पोलिसांनी सिनेमाला परवानगी नाकारली. प्रेमिंजर कोर्टात गेला आणि जिंकला.

बीगलर आणि त्याचा दारूत बुडालेला म्हातारा वकील मित्र पार्नेल रात्र रात्र जुनी पुस्तके धुंडाळतात आणि त्यांना मिशिगनचा १८८६ चा एक निवाडा सापडतो. आपण करतो ते वाईट आहे हे माणसाला कळत असले, तरी अनावर ऊर्मीपुढे तो हतबल झाला असेल तर त्याला दोषी धरता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. आपल्याकडे हा बचाव चालत नाही. १८६० च्या भारतीय दंड विधानाच्या ८४ व्या कलमाची कसोटी एवढीच होती की मन ठिकाणावर नसल्यामुळे कृत्याचे स्वरूप, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे, आरोपीला कळत नव्हते का? २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तीच कसोटी आहे. कळत होते पण आवरले नाही, याला माफी नाही.

गंमत पाहा, याच १९५९ साली, २७ एप्रिलला, मुंबईत नौदलाच्या कमांडर कावस नानावटींनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. तिथे तक्रार बलात्काराची नव्हती, प्रेमसंबंधांची होती. पण गणवेशातला नवरा, बायकोची कबुली आणि पिस्तूल हे सारे तसेच. बचाव पक्षाने पहिला रस्ता धरला : झटापटीत गोळ्या सुटल्या, तो अपघात होता. प्रश्न असा पडला की आंघोळ करून आलेल्या आहुजाला तीन गोळ्या लागल्या, तरी कमरेचा टॉवेल जागेवर कसा राहिला? ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. मॅनिअनला हवा असलेला तो 'अलिखित कायदा' मुंबईच्या रस्त्यावर मात्र जिवंत होता. लोकांनी निकाल आधीच दिला होता, जसा आमच्या गावाने तिसऱ्या दिवशी दिला होता. मुंबईत तो सोडण्याचा होता, आमच्याकडे लटकवण्याचा, एवढाच फरक.

हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रेमिंजर आपल्याला खून दाखवतच नाही. बलात्कारही नाही. मागे नेणारा एकही प्रसंग नाही. हिंदी सिनेमात साक्षीदार बोलू लागला की पडदा हलतो आणि 'खरे काय झाले' ते आपण पाहतो. इथे तसे काही नाही. ज्यूरीच्या बाकावरच्या बाराजणांना जेवढे कळते तेवढेच आपल्याला. मॅनिअन उद्धट आहे, मत्सरी आहे, त्याच्या डोळ्यांत पश्चात्ताप नाही. लॉरा मारहाणीच्या खुणा लपवायला काळा चष्मा लावते, पण वकिलाशी लाडिकपणेही बोलते. त्या खुणा नक्की कोणाच्या हाताच्या? क्विलच्या की नवऱ्याच्या? शेवटपर्यंत कळत नाही.

लॉराच्या उलटतपासणीचा भाग पाहताना मात्र मला राग आला. जॉर्ज सी. स्कॉटने केलेला तो राजधानीहून आलेला सरकारी वकील, डान्सर, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारतो : कपडे कसे घातले होते, बारमध्ये किती वेळा एकटी जातेस, नाचतेस का. जणू खटला तिच्यावरच भरला आहे. आपल्याकडेही पुराव्याच्या कायद्यात पीडितेच्या 'अनैतिक' वागणुकीवर बोट ठेवायला वाव देणारे कलम होते. ते २००३ साली गेले. दिग्दर्शकाला यात चूक दिसत होती की नाही, मला सांगता येणार नाही. पण प्रसंग इतका जवळून चित्रित केला आहे की पाहणाऱ्याला ती दिसते.

एका ठिकाणी बीगलर मुद्दाम एक मुद्दा बोलून टाकतो. सरकार पक्ष हरकत घेतो. न्यायाधीश ज्यूरीला सांगतात, हे तुम्ही ऐकले नाही असे समजा. मॅनिअन हळूच विचारतो, ऐकलेले न ऐकल्यासारखे कसे करता येईल? वकील म्हणतो, नाहीच करता येत. अण्णा यावर मोठ्याने हसले.

पण त्यांचे हसणे थोड्याच वेळात थांबले. क्विलच्या हॉटेलची व्यवस्थापक मेरी पिलन्ट ही तरुणी कोर्टात येऊन बसत असते. गावात सर्वांना ती क्विलची ठेवलेली बाई वाटते. शेवटी शेवटी ती साक्षीला उभी राहते. लॉराचे फाटलेले वस्त्र तिला हॉटेलात मळक्या कपड्यांत सापडलेले असते. म्हणजे लॉरा म्हणते ते खरे असावे, याचा सर्वांत मोठा पुरावा तीच आणून देते. डान्सर तिला मत्सरी रखेली ठरवू पाहतो. उत्तर आधी माहीत नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, हा धडा तो विसरतो. ती म्हणते, बार्नी क्विल माझे वडील होते.

मेलेल्या माणसाची मुलगी. तिच्याच साक्षीने तिच्या बापाला मारणारा सुटतो.

अण्णांनी हात वर केला. भावाने सिनेमा थांबवला. अण्णा पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ''चालू कर.'' माझ्या वर्गातली ती मुलगी आम्हां दोघांच्या मध्ये येऊन बसली होती, हे त्यांनाही कळले असावे.

ज्यूरी मॅनिअनला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवते. दुसऱ्या दिवशी बीगलर आणि पार्नेल फीच्या वचनचिठ्ठीवर सही घ्यायला त्याच्या फिरत्या घराच्या जागी जातात. मॅनिअन पसार झालेला. मागे चिठ्ठी ठेवली आहे : निघून जायची अनावर ऊर्मी आली! म्हणजे ते वेड खरे होते का? की वकिलाने सांगितलेला धडा पाठ करून आता तो वकिलालाच वेडावून दाखवतो आहे? लॉरा जाताना रडत होती असेही कळते. आणि बीगलरकडे पुढचे काम येते ते मेरीचे, मेलेल्या क्विलची मालमत्ता पाहण्याचे.

दहा वर्षे आधी, १९४९ मध्ये, निकोलस रे याने 'नॉक ऑन एनी डोअर' काढला होता. त्यात हम्फ्री बोगार्टने केलेल्या वकिलाला पक्की खात्री असते की आपला अशील, झोपडपट्टीतला देखणा पोरगा, निरपराध आहे. भर कोर्टात तो पोरगा कोसळतो आणि गुन्हा कबूल करतो. वकिलाच्या पायाखालची जमीन सरकते. बीगलरची सरकत नाही, कारण त्याने जमीन तिथे धरलेलीच नव्हती. पूर्वी मला बोगार्टचा वकील सज्जन आणि बीगलर धूर्त वाटला असता. आता वाटते, अशिलाच्या निरपराधपणावर विश्वास असेल तरच बचाव करायचा, असे ठरवले तर ज्याच्यावर कोणाचाच विश्वास नाही त्याचे काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतही हेच आहे : आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल स्वतःचे मत काही असो, वकिलाने त्याचा बचाव केला पाहिजे.

सिनेमा संपल्यावर मी एकतीस वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी अण्णा जास्त बोलले.

''त्यानं मारलं की नाही, मला आजही माहीत नाही. पण मुद्देमालाची कुऱ्हाड ज्या पंचासमोर जप्त केली असं पंचनाम्यात होतं, तो उलटतपासणीत म्हणाला, मी कोऱ्या कागदावर सही केली. आता सांग, तसाच कोरा कागद उद्या तुझ्या भावाच्या नावानं भरला असता तर? मी त्या माणसासाठी नाही भांडलो. त्या कोऱ्या कागदाविरुद्ध भांडलो.''

मी गप्प राहिले. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, ''त्या बाईकडं मात्र मला कधी बघवलं नाही. चिंच टाळायला मी मागच्या दारानं जायचो. एवढा मोठा वकील!''

तीस वर्षे मी ज्या चिंचेवरून अण्णांना दोषी धरले होते, ती त्यांच्याही डोळ्यांसमोरून हलली नव्हती. कोरा कागद लिहिणाऱ्यांनी नीट तपास केला असता तर कदाचित त्या बाईला न्याय मिळाला असता. तो कागद खोडून काढणाऱ्यावर मात्र मी रागावून बसले होते.

२००९ साली अण्णा गेले. त्यांच्या कपाटात लाल फितीतले ते कागद निघाले. फितीची गाठ पक्की होती. भाऊ म्हणाला, ''सोडून बघायची?'' मी नको म्हटले. आत उत्तर नाही हे मला ठाऊक होते.